कॉकटेल वाढवून स्पॅझम कमी होत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावी नव्याने सुरू झालेल्या कॅथ लॅबमध्ये काम करणारा एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ लिहितो की मनगटातून अँजिओग्राफी करताना अंगठ्याच्या बाजूची रेडियल धमनी मध्येच आकसते (यालाच स्पॅझम म्हणतात), आत घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, जखडतो आणि पेशंट कळवळतो. बारीक चणीच्या बायकांमध्ये हे जास्त होतं. नायट्रोग्लिसरीन आणि व्हेरापामिल या धमनी सैल करणाऱ्या औषधांचं नेहमीचं कॉकटेल देऊनही कधी कधी मनगट सोडून जांघेतून जावं लागतं. तर डोस वाढवावा की तिसरं एखादं औषध जोडावं?

डोस वाढवू नका. २००६ साली प्रसिद्ध झालेली १,२१९ रुग्णांची एक चाचणी आहे, तिचं नावच ‘स्पॅझम’. तिच्यात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं द्रव्य, दिलेल्या गटात २२.२ टक्के रुग्णांना स्पॅझम आला. २.५ मिलिग्रॅम व्हेरापामिल दिल्यावर हे प्रमाण ८.३ टक्क्यांवर उतरलं आणि दुप्पट, म्हणजे ५ मिलिग्रॅम दिल्यावर ७.९ टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या अडीच मिलिग्रॅमचा फायदा घसघशीत आहे आणि पुढच्या अडीचचा जवळपास काहीच नाही. जे आठ टक्के उरतात ते डोस वाढवून सुटणारे नाहीत. तुमचे पेशंट बहुधा त्या आठांतले आहेत. त्यांच्या धमनीला डिवचणारं काहीतरी औषधाच्या आधी किंवा नंतर घडतंय, आणि शोधायचं ते.

रेडियल धमनीचा स्वभाव लक्षात ठेवला तर बाकीचं आपोआप सुचत जातं. ही स्नायूंची धमनी आहे. तिच्या मधल्या थरात गुळगुळीत स्नायू भरपूर आणि त्यांवर अ‍ॅड्रिनलिनला प्रतिसाद देणाऱ्या अल्फा-१ रिसेप्टरांचं राज्य. रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढलं की ती आकसते. दुखलं, भीती वाटली, थंडी वाजली तरी आकसते, आणि आतून वायर किंवा कॅथेटर घासला तरी आकसते. या सगळ्यांची बेरीज होते. घासल्याने दुखतं, दुखल्याने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, अ‍ॅड्रिनलिनने धमनी कॅथेटरवर आणखी आवळते, आणि आपण तो आवळलेला कॅथेटर फिरवत राहतो. जांघेतली धमनी इतकी रुंद असते की तिथे हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आयुष्यभर जांघेतून काम केलेला माणूस मनगटाकडे वळला की पहिली काही वर्षं त्याचे हात जरा जास्तच जोरात चालतात.

आता थोडं गणित. कॅथेटरची जाडी फ्रेंच या मापात सांगतात; एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. ६ फ्रेंच कॅथेटर बाहेरून २ मिलिमीटरचा. पण शीथचा (कॅथेटर आत-बाहेर करता यावा म्हणून धमनीत बसवायची नळी) आकडा तिच्या आतल्या मापाचा असतो, म्हणून ६ फ्रेंचची साधी शीथ बाहेरून सुमारे २.६ मिलिमीटर भरते आणि ५ फ्रेंचची सुमारे २.३. आपल्याकडच्या कित्येक बायकांची रेडियल धमनी २ ते २.५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे ६ फ्रेंच शीथ घालताना आपण त्या धमनीला तिच्या मापापेक्षा मोठी बांगडी आतून चढवत असतो. जपानच्या शिगेरू साइतो यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं की धमनीचा आतला व्यास शीथच्या बाहेरच्या व्यासापेक्षा कमी पडला की नंतर त्या धमनीतला प्रवाह मंदावण्याचं प्रमाण वाढतं. साधी अँजिओग्राफी असेल तर बारीक चणीच्या बाईला ६ फ्रेंच घालायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. ५ फ्रेंचमध्ये चित्रं उत्तम येतात. ‘लागलीच तर अँजिओप्लास्टी करता येईल’ म्हणून सगळ्यांना सरसकट सहा घालायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अँजिओप्लास्टी करायची ठरली तर तेव्हा शीथ बदलता येते, आणि ५ फ्रेंच गाइडमधूनही (अँजिओप्लास्टीसाठीचा कॅथेटर) साध्या स्टेंटचं काम होतं.

आता पेशंट टेबलवर येण्याआधीचं, कारण निम्मा स्पॅझम वॉर्डात ठरतो असं माझं मत आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी, पहाटे उठवलेली, ‘हृदयात तार घालणार’ एवढंच ऐकलेली बाई स्ट्रेचरवरून येते तेव्हा तिची नाडी आधीच शंभरच्या पुढे असते. त्यात बांगड्यांचा विषय. हिरव्या काचेच्या बांगड्या उजव्या हातात घट्ट बसलेल्या असतात, त्या काढायचं आदल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ऐनवेळी सिस्टर साबण लावून त्या ओढतात. एखादी फुटते, मनगट लाल होतं, सौभाग्याच्या बांगड्या अशा दवाखान्यात वाढवाव्या लागल्या म्हणून बाई आणि तिची सासू दोघी रडवेल्या होतात. त्यानंतर दहा मिनिटांनी आपण त्याच मनगटात सुई घालतो आणि धमनी का आकसली म्हणून औषधाचा विचार करतो. आमच्याकडे आता आदल्या संध्याकाळी सिस्टरच घरच्यांना सांगते की कोणत्या हातातून करणार आहोत, त्या हातातल्या बांगड्या घरीच सावकाश उतरवून या, दुसऱ्या हातातल्या राहू द्या. या एका सूचनेचा परिणाम कुठल्याही चाचणीत मोजलेला नाही, पण मला तो दिसतो.

दुसरी गोष्ट थंडी. मशीनसाठी लॅबचा एसी सोळा-अठरावर असतो, आपण शिशाचा एप्रन घालून घामाघूम आणि पेशंट पातळ गाऊनमध्ये. उघडा हात बाजूच्या फळीवर पंधरा मिनिटं पडून राहतो, त्यावर गार बीटाडीन. हात झाकून ठेवा, तयारी पूर्ण झाल्यावरच उघडा. बोटं गार लागली तर कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून काही वेळ कोपराखाली आणि हातावर ठेवा. याला खर्च शून्य आहे.

तिसरी गोष्ट गुंगीचं औषध. इथे चांगला पुरावा आहे आणि तरी आपल्याकडे हे सर्वांत जास्त टाळलं जातं. २०१३ साली देफ्तेरेओस आणि सहकाऱ्यांनी २,०१३ रुग्णांमध्ये मनगटातून अँजिओप्लास्टी करताना अर्ध्यांना फेंटानिल आणि मिडाझोलाम दिलं, अर्ध्यांना नाही. स्पॅझम ८.३ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आला आणि जागा बदलावी लागण्याचं प्रमाणही कमी झालं. हे आकडे व्हेरापामिलच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. पेशंटला झोपवायचं नाही, तो बोलता राहिला पाहिजे. मिडाझोलाम १ मिलिग्रॅम आणि फेंटानिल दर किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, एवढ्याने बहुतेकांचे खांदे सैल पडतात. वयस्क, फुफ्फुसाचा आजार असलेले, घोरणारे, यांच्यात हात आखडता घ्या. ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर, आणि नॅलोक्सोन व फ्लुमाझेनिल ही गुंगी उतरवणारी औषधं हाताशी असल्याशिवाय हे करू नये. लहान गावात फेंटानिलची परवानगी आणि साठा ही अडचण असते हे मला ठाऊक आहे. मग निदान मिडाझोलाम तरी द्या. ‘आमचे पेशंट खूप सोशिक आहेत’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. सोशिक पेशंट ओरडत नाही एवढंच, त्याची धमनी आकसायची थांबत नाही.

मग सुई. पहिल्याच टोचण्यात धमनी मिळाली तर स्पॅझमची शक्यता बरीच खाली येते, आणि तीन-चार वेळा टोचून मिळाली तर शीथ जाण्याआधीच ती आकसलेली असते. त्यामुळे घाई इथे करू नका. मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर, नाडी ठसठशीत लागते तिथे. इन्शुलिनच्या सुईने जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा एक मिली, अगदी कातडीच्या खाली, सावकाश. जास्त भरलं की फुगवट्याखाली नाडीच हरवते. नाडी बारीक लागत असेल तर लिग्नोकेनबरोबर नायट्रोग्लिसरीन कातडीखाली देता येतं, दोन-तीन मिनिटांत नाडी भरून लागते. फक्त ती मिनिटं खरोखर थांबावं लागतं.

नवशिक्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पहिला प्रयत्न फसला आणि नाडी गायब झाली की सुई बाहेर काढा, हलक्या हाताने दाबून धरा आणि पाच मिनिटं थांबा. नाडी परत येते. त्या पाच मिनिटांत जो आणखी चार वेळा टोचतो त्याला ती येत नाही.

सोनोग्राफीचा प्रोब लॅबमध्ये असेल तर वापरा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॉस्ट’ चाचणीत ६९८ रुग्ण होते. बोटाने चाचपून केलेल्या गटात पहिल्याच प्रयत्नात यश ४३.९ टक्क्यांना, सोनोग्राफीने ६४.८ टक्क्यांना, आणि प्रयत्नांची सरासरी ३.०५ वरून १.६५ वर. शिवाय त्या पडद्यावर धमनीचा व्यास दिसतो, म्हणजे कोणती शीथ घालायची याचा अंदाज सुई लावण्याआधीच येतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे नसा शोधण्याचं मशीन बहुतेक ठिकाणी असतंच. आपण ते मागत नाही इतकंच.

शीथ नेहमी हायड्रोफिलिक, म्हणजे ओला झाला की निसरडा होणारा, थर असलेली घ्या आणि घालण्याआधी सलाइनने नीट ओली करा. कोरडी शीथ सरकत नाही आणि मग जोर लागतो. २०१० सालच्या राठोर आणि सहकाऱ्यांच्या ७९० रुग्णांच्या चाचणीत थर नसलेल्या शीथमध्ये स्पॅझम ३९.९ टक्के आणि थर असलेल्यात १९ टक्के होता. लांब शीथ घातली की कॅथेटर धमनीला घासत नाही, म्हणून लांब चांगली, असा एक समज आहे. त्याच चाचणीत लांबीने काही फरक पडला नव्हता. पातळ भिंतीची ६ फ्रेंच शीथ बाहेरून साधारण २.४६ मिलिमीटर असते, साध्या सहापेक्षा थोडी कमी. परवडत असेल तर बारीक हातांसाठी ती ठेवा. शीथशिवाय जाणारा ६.५ फ्रेंचचा गाइड तर बाहेरून २.१६ मिलिमीटरच असतो, म्हणजे ५ फ्रेंच शीथपेक्षाही बारीक. त्याची किंमत मात्र प्रत्येक केसला झेपणारी नाही.

कॉकटेलबद्दल आता बोलू. मी स्वतः २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन आणि रक्तदाब, नाडी, हृदयाचं पंपिंग ठीक असेल तर २.५ मिलिग्रॅम व्हेरापामिल देतो. व्हेरापामिल आम्लधर्मी असल्याने हात भाजल्यासारखा होतो, आणि ती आगच कधी कधी स्पॅझम आणते. त्यावर उपाय सोपा आहे: शीथच्या बाजूच्या नळीतून दहा-पंधरा मिली रक्त त्याच सिरिंजमध्ये ओढून घ्या, मिसळू द्या आणि अर्धा-एक मिनिट घेऊन सावकाश आत सोडा. ‘आता हाताला गरम वाटेल, लगेच जाईल’ हे आधी सांगा. पंपिंग खूप कमी असेल, नाडी मंद असेल, हार्ट ब्लॉक किंवा शॉक असेल तर व्हेरापामिल नको. नायट्रोग्लिसरीन देण्याआधी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेची औषधं) घेतलंय का हे विचारा, आणि बायको शेजारी उभी असताना विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही. उजव्या बाजूच्या हार्ट अ‍ॅटॅकमध्ये आणि महाधमनीची झडप फार अरुंद असेल तेव्हाही जपून.

डायल्यूशनचा गोंधळ होऊ देऊ नका. आपल्याकडे नायट्रोग्लिसरीनची अँप्यूल बहुधा मिलीला ५ मिलिग्रॅमची असते. त्यातला एक मिली ५० मिली सलाइनमध्ये घातला की मिलीला १०० मायक्रोग्रॅम होतात. हे सकाळी एकदाच बनवून सिरिंजवर चिठ्ठी लावून ठेवा, प्रत्येक केसला हिशोब नको. हेपरिन दर किलोला ५० युनिट किंवा सरळ ५,००० युनिट द्यायचं ते धमनी नंतर बंद पडू नये म्हणून. स्पॅझमशी त्याचा थेट संबंध नाही, आणि ते हातातल्या धमनीतच द्यायला हवं असंही नाही, शिरेतून किंवा महाधमनीत पोचल्यावर दिलं तरी चालतं.

इथपर्यंत सगळं नीट झालं आणि तरीही स्पॅझम आला तर कारण बहुतेक वेळा वायर असते. वायर डोळे मिटून पुढे सारू नका. ती कोपराजवळ एखाद्या बारीक फांदीत शिरते, पेशंट ‘आई गं’ म्हणतो, आपण आणखी थोडं ढकलतो, आणि तिथे स्पॅझम किंवा सरळ छिद्र. लो आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हाताची चित्रं घेऊन पाहिलं तेव्हा १३.८ टक्के लोकांत रेडियल धमनीची रचना वेगळी निघाली. ७ टक्क्यांत ती दंडात वरूनच फुटलेली, म्हणजे वेगळी होऊन निघालेली होती, २.३ टक्क्यांत कोपराजवळ पूर्ण वेटोळं होतं, २ टक्क्यांत फार वाकडीतिकडी. दंडात वरून फुटलेली रेडियल बारीक असते आणि लांबवर बारीक राहते, त्यामुळे कॅथेटरला सगळीकडेच घासते. वायर थोडीशी जरी अडली, तरी थांबा, दोन-तीन मिली कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सलाइनमध्ये पातळ करून शीथमधून चित्र घ्या. हे चित्र घ्यायला अर्धं मिनिट लागतं. काही जण ते कमीपणाचं मानतात, का ते मला कधी कळलं नाही.

वेटोळं दिसलं तर नेहमीची ०.०३५ इंच जाडीची वायर बाजूला ठेवा. हृदयाच्या धमन्यांसाठीची ०.०१४ची मऊ वायर सावकाश वेटोळ्यातून न्या, तिच्यावरून कॅथेटर वर सरकवला की बहुतेक वेटोळी सरळ होतात. सरळ होताना पेशंटला फार दुखत असेल तर सोडून द्या, त्या हाताचा हट्ट नको.

धमनी वाकडी किंवा आकसलेली आहे आणि गाइड कॅथेटर पुढे जात नाही, अशा वेळी अहमदाबादच्या तेजस पटेल व संजय शहा आणि अमेरिकेतल्या समीर पांचोली यांनी सांगितलेली बलूनची युक्ती शिकून ठेवा. गाइडच्या तोंडाची कड वायरपेक्षा रुंद असल्याने ती धमनीची भिंत खरवडत जाते, खरी इजा तिथे होते. ६ फ्रेंच गाइडमधून २ मिलिमीटरचा, ५ फ्रेंचमधून १.५ मिलिमीटरचा बलून ०.०१४ वायरवरून असा पुढे आणायचा की तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहील. तो ३ ते ६ अ‍ॅटमॉस्फिअरला फुगवायचा आणि मग गाइड व बलून एकत्र पुढे सरकवायचे. टोकाला निमुळतेपणा येतो आणि कड झाकली जाते. आधी वापरलेला, त्याच केसमधला बलूनही चालतो. भारतीय लॅबमधून निघालेली आणि जगभर वापरली जाणारी ही युक्ती आहे, आणि आपल्याकडेच ती पुरेशी वापरली जात नाही.

कॅथेटर जितके कमी बदलाल तितकं बरं. डाव्या आणि उजव्या दोन्ही कोरोनरींसाठी एकच टायगर कॅथेटर वापरला तर हातातून एकदाच जाणं-येणं होतं. बदलायचाच असेल तर २६० सेंटिमीटरची वायर महाधमनीत ठेवून त्यावरून बदला, दर वेळी हातातून नव्याने वाट काढू नका. आणि कॅथेटर फिरवताना मनगट गरागरा फिरवू नका, थोडं फिरवा, थोडं मागे-पुढे करा, टोकाला ते पोचू द्या. बुटक्या, सत्तरीच्या पुढच्या, जुन्या रक्तदाबाच्या पेशंटमध्ये उजव्या बाजूची छातीतली धमनी फार वळणावळणाची होते. अशांना मी डाव्या मनगटातून जातो. छातीत वळणं कमी म्हणजे कॅथेटर कमी फिरवावा लागतो, आणि मग खालचा हातही शांत राहतो. हात पोटावर आणून ठेवला की आपल्यालाही वाकावं लागत नाही.

स्पॅझम आलाच तर तो आधी बोटांना कळतो. कॅथेटर जड होतो, फिरवलेलं टोकापर्यंत पोचत नाही, दाबाची लाट चपटी होते. मग पेशंट सांगतो की हातात गोळा आलाय, कोणीतरी शीर ओढतंय. पहिली खूण मिळाली की हात थांबवा. तिथून पुढे आणखी दोन फेऱ्या मारून चित्र पूर्ण करायचा मोह होतो, आणि साधा स्पॅझम अडकलेल्या कॅथेटरमध्ये बदलतो तो तिथेच. रक्तदाब बघून शीथमधून आणखी २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन, गुंगीचा आणखी एक छोटा डोस, हातावर कोमट कापड, आणि पाच मिनिटं काहीही करायचं नाही. काम उरलं असेल तर ५ फ्रेंच किंवा ४ फ्रेंचवर उतरा.

कॅथेटर किंवा शीथ पूर्ण अडकली तर ओढू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोर लावून ओढल्यावर धमनीचा आतला थर सोलून शीथबरोबर बाहेर आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. औषध देऊन थांबा. तरी सुटत नसेल तर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून वरच्या दाबापेक्षा जास्त फुगवून पाच मिनिटं ठेवा आणि मग सोडा. रक्ताचा लोंढा परत आल्यावर धमनी स्वतःहून रुंदावते, आणि त्या क्षणी हलक्या हाताने प्रयत्न करायचा. हेही जमलं नाही तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. काखेतून नसांचा ब्लॉक दिला की हाताच्या धमन्यांना आकसवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा ताण जातो, आणि शेवटचा उपाय म्हणजे पूर्ण भूल. पूर्ण भुलीत न सुटणारा स्पॅझम फार क्वचित. रात्री दहाला भूलतज्ज्ञाला फोन करायला संकोच वाटतो, पण करावा.

छिद्र पडलं असेल तर घाबरून सगळं बाहेर काढू नका. वायर पार गेलेली असेल तर कॅथेटर पुढे नेला की तोच आतून छिद्र दाबतो, आणि काम संपेपर्यंत बहुतेक वेळा ते बंद झालेलं असतं. मात्र नंतर हात दर पंधरा-वीस मिनिटांनी बघायची जबाबदारी एकाच नावाने ठरवून द्या. पुढचा हात टणक होत जातोय, बोटं हलवताना कळ येतेय, अशी चिन्हं दिसली तर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना लगेच दाखवा.

शीथ काढताना पुन्हा एकदा नायट्रोग्लिसरीन द्या आणि सावकाश काढा. केस संपली म्हणून इथे सगळे घाई करतात. पट्टा बांधताना रक्त थांबेल इतकाच दाब ठेवा, खालून नाडी वाहती राहिली पाहिजे. अंगठ्यावर ऑक्सिमीटर लावून करंगळीच्या बाजूची उलनर धमनी दाबून बघा, लाट दिसली पाहिजे. पुढच्या वेळी हीच धमनी लागणार आहे.

तुम्ही हाताच्या पाठीवरच्या, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यातून जाण्याबद्दलही विचारलं आहे. २०१७ साली नेदरलँड्सच्या फर्डिनांड किमेनेइ यांनी तो मार्ग पुढे आणला, ज्यांनी १९९२ मध्ये मनगटातून पहिली अँजिओप्लास्टी केली तेच हे. पेशंटला हात पालथा ठेवता येतो, रक्त लवकर थांबतं, हे फायदे खरे आहेत. पण स्पॅझम टाळायला म्हणून तिथे जाऊ नका. २०२२ च्या ‘डिस्को रेडियल’ चाचणीत १,३०७ रुग्ण होते, त्यात स्पॅझम तिथे ५.४ टक्के आणि नेहमीच्या जागी २.७ टक्के होता. तिथे धमनी आणखी बारीक असते, त्यामुळे यात आश्चर्य नाही. आधी मनगट हातात बसू द्या.

आणि जांघेतून जावं लागलं तर जा. मनगटाचा आग्रह धरावा याला कारण आहे. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ हार्ट अ‍ॅटॅक आणि तत्सम रुग्णांत मनगटातून केल्यावर रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. पण तो फायदा धमनीशी अर्धा तास झुंजून मिळालेला नाही. माझा ढोबळ नियम असा की दोनदा औषध देऊन, पाच-पाच मिनिटं थांबून, लहान कॅथेटरवर उतरूनही वाट मिळत नसेल तर आधी दुसरं मनगट आणि मग जांघ, सोनोग्राफीखाली. तातडीच्या अँजिओप्लास्टीत इतकंही थांबू नका.

हे वाचणारे पेशंट असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: टेबलवर हात दुखायला लागला तर गप्प राहून सोसू नका, तेव्हाच सांगा. डॉक्टरांना ती माहिती हवी असते.

शेवटी, डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहायची सवय लावून घ्या: कोणता हात, किती फ्रेंच, वेटोळं किंवा दंडात वरून फुटलेली धमनी दिसली का, स्पॅझम आला का आणि कशाने सुटला. आपल्याकडे अँजिओग्राफी जिल्ह्याच्या गावी होते आणि अँजिओप्लास्टी पुण्या-मुंबईला, आणि तिथला डॉक्टर त्या मनगटाला पहिल्यांदाच हात लावत असतो.